गीताली, म्हणजेच नोरा जोन्स

मंडळी, २००३ च्या फेब्रुवारीतली ती बातमी आठवते का? नोरा जोन्स नावाच्या तेवीस वर्षांच्या अमेरिकन गायिकेने एका रात्रीत पाच ग्रॅमी पटकावल्या होत्या. आपल्याकडे मात्र तिची ओळख एकच, पंडित रविशंकरांची मुलगी. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी चहाबरोबर हाच विषय होता. "रक्तातच आहे हो गाणं!" असा निकाल मधली सुट्टी संपायच्या आत लागूनही गेला.

मला ते काही पटले नाही. का, ते सांगते.

नोराचा जन्म ३० मार्च १९७९ चा, न्यूयॉर्कमधला. पाळण्यातले नाव गीताली नोरा जोन्स शंकर. आई स्यू जोन्स. ती संगीताचे कार्यक्रम आयोजित करायची. १९८६ मध्ये आईवडील वेगळे झाले आणि आई लेकीला घेऊन टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन नावाच्या गावी राहायला गेली. पुढची बरीच वर्षे वडिलांची गाठभेट नाही. ती पुन्हा सुरू झाली ती मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर.

आता मला सांगा, या मधल्या वर्षांत गाणे कोणी शिकवले? आईकडे रेकॉर्ड्सचा भरपूर साठा होता. त्यातली बिली हॉलिडे ऐकत ही पोर वाढली. चर्चच्या गायकवृंदात गायली, पियानो शिकली, सॅक्सोफोनसुद्धा वाजवून पाहिला. मग डॅलसच्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये गेली. ही संगीत, नाटक, नृत्य शिकवणारी सरकारी शाळा बरं का, महागडी खासगी नव्हे! (शाळामास्तरीण असल्यामुळे या ओळीवर मी जरा जास्त रेंगाळते, चालवून घ्या.) पुढे नॉर्थ टेक्सास विद्यापीठात जॅझ पियानो. दोन वर्षांनी, १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेली ती परत कॉलेजला आलीच नाही. हॉटेलात वेट्रेसचे काम करायचे आणि रात्री गायचे, असे दिवस काढले.

फेब्रुवारी २००२ मध्ये 'कम अवे विथ मी' आला. ब्लू नोट ही मुळात जॅझवाल्यांची कंपनी. त्यांच्या गायिकेने पॉपच्या बाजारात कल्लोळ करावा, अशी कोणाची अपेक्षाही नसावी. गाणी संथ, आवाज जरासा घोगरा, कानाशी बोलल्यासारखा. नाचायला काही नाही. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचायला त्याला जवळजवळ वर्ष लागले, आणि मग मात्र जगभरात दोन कोटींच्या वर प्रती खपल्या. त्यात हँक विल्यम्सचे एक जुने कंट्री गाणे आहे. सतार कुठे शोधून सापडत नाही. मला विचाराल तर त्या अल्बममध्ये ऐकू येते ते टेक्सास, आणि आईच्या रेकॉर्ड्स.

सोळाव्या वर्षी तिने कायदेशीर नाव बदलून नुसते 'नोरा जोन्स' केले, आईवडील दोघांच्या संमतीने. हे वाचले तेव्हा मला अब्दुल करीम खाँसाहेबांची मुले आठवली. १९२२ मध्ये ताराबाई माने मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही पालटली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, आणि चंपाकलीची हिराबाई बडोदेकर. आडनावे आली ती आईकडची, आईच्या गावाची. किराणा घराण्याचे नाव घेताना आपण खाँसाहेबांना हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. पण ताराबाईंचे नाव किती जणांच्या ओठावर येते?

आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. मी तीस वर्षे तसाच लिहीत आले. एका मुलीचा बाप तिसरीनंतर कधी दिसला नाही. आई रात्री शिलाई करून दिवसा आमच्याकडे पालकसभेला यायची, तीही न चुकता. मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. फळ्यावर मी माझ्याच हाताने तिचे पूर्ण नाव लिहिले, मधे त्या गृहस्थांचे नाव होतेच. टाळ्या वाजल्या. आई शेवटच्या बाकाशी उभी होती. नियमच तसा होता. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचे नाव येते, हे वाचून मी त्या बाईला आवर्जून फोन केला. ती नुसती हसली.

असो, विषय नोराचा.

बापाशी तिने वैर धरले नाही, हे विशेष. सावत्र बहीण अनुष्का सतार वाजवते, दोघींचे चांगले जमते. ११ डिसेंबर २०१२ ला पंडितजी गेले. दोनच महिन्यांनी त्यांना मरणोत्तर मिळालेला ग्रॅमीचा जीवनगौरव या दोघी लेकींनी मिळून स्वीकारला. त्याच मार्चमध्ये नोरा मुंबईत गाऊन गेली. वर्षाअखेरीस अनुष्काचा 'ट्रेसेस ऑफ यू' आला, त्यात तीन गाणी नोराच्या आवाजात आहेत. एक बहीण वडिलांचे वाद्य वाजवते आहे, दुसरी टेक्सासच्या उच्चारात गाते आहे. शीर्षकगीत तेवढे जरूर ऐका, आणि कसे वाटले ते मला कळवा.