उत्तर समुद्रापर्यंतची हद्द



अक्षय्य तृतीया झाली की आम्ही दोघं लेकीकडे नेदरलँड्सला निघतो आहोत. ती आयंडहोव्हनला राहते. तिच्या गाडीनं तीन दिवस नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सपाट मुलखातून फेरा मारायचा बेत आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं, खाण्यापिण्याचं कसं करणार? ते सांगतेच. पण त्याआधी एक मोठा प्रश्न सुटायचा होता, तो आधी सांगते.

परत आल्यावर मला दिग्व्रत घ्यायचं आहे. आपल्या बारा व्रतांतलं हे पहिलं गुणव्रत. दहाही दिशांना हद्द ठरवायची आणि मरेपर्यंत तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, तिकडचा देण्याघेण्याचा व्यवहारही करायचा नाही. साठी उलटली, आता पसारा आवरावा असं बरेच दिवस मनात होतं. मी धरून चालले होते की हद्द भारताची ठेवायची. फोनवर लेकीला तसं बोलले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आई, माझ्या घरी तू एकदाच येणार?"

मला लगेच काही बोलता आलं नाही. रत्नकरंडक श्रावकाचार काढून वाचायला घेतलं. आचार्य समंतभद्रांनी स्पष्ट सांगितलं आहे की हद्द प्रसिद्ध खुणांनी ठरवावी: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश, नाहीतर योजनांचं माप. कुठली खूण घ्यायची हे आपल्यावर सोडलं आहे. मात्र एकदा ठरवलं की वाढवायचं नाही. क्षेत्रवृद्धी हा व्रताचा अतिचार आहे. म्हणजे जो विचार करायचा तो घेण्याआधीच. मग मी आणि आमचे हे, दोघं नकाशा पसरून बसलो. रस्ता आखायचा होता लेकीच्या गाडीचा, आणि त्याच नकाशावर माझी हद्दही.

सीमा ओलांडणं आपल्या भागाला नवं नाही. आज आमच्या गोरेगावहून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाताना जिल्हा बदलतो, एवढंच. पण 1947 पर्यंत इकडे निजामाचं राज्य आणि पैनगंगेपलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड होता. करोडगिरीचे नाके होते, मालावर जकात होती. आता नदी तीच आहे, नाका गेला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्येही तसंच आहे. एका शेंगेन व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोचा लागतो. नाका नसला तरी तपासणी होऊ शकते, म्हणून पासपोर्ट जवळच ठेवायचा.

पहिल्या दिवशी तासाभराच्या अंतरावरचं बार्ले हे गाव. हे गाव म्हणजे गंमतच आहे. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे 22 तुकडे, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे काही तुकडे. सीमा घरांतून, दुकानांतून जाते. मग घर कुठल्या देशाचं? दाराचा उंबरठा ज्या देशात, त्या देशाचं. आपल्याला उंबरठ्याचं महत्त्व कुणी सांगायला नको!

तिथून पुढे तासाभरात अँटवर्प. शहराच्या विलरैक भागात शंखेश्वर पार्श्वनाथांचं पांढऱ्या संगमरवराचं मंदिर आहे, प्रतिष्ठा 2010 सालची. हिऱ्यांच्या व्यापारासाठी गुजरातेतल्या पालनपूरहून गेलेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे. आपण दिगंबर, मंदिर श्वेतांबर आम्नायाचं. पण पार्श्वनाथ भगवान तर तेच. आधी वेळ विचारून दर्शनाला जायचं ठरवलं आहे.

दुसऱ्या दिवशी झीलंड प्रांत, उत्तर समुद्राचा किनारा. या प्रांताची गोष्ट वाचली आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडलं. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत शिरला आणि नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली. पुन्हा असं होऊ नये म्हणून खाड्यांची तोंडं बंद करायचं ठरलं. ओस्टरस्खेल्डे ही खाडी कायमची बुजवायचा बेत होता. पण खाडी बुजली तर भरती-ओहोटी थांबणार, खाऱ्या पाण्यातले जीव मरणार. मासेमारांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला. अखेर तिथे 62 पोलादी दारं बसवली. एरवी ती उघडी असतात, पाणी ये-जा करतं. वादळ आलं की बंद. 1986 मध्ये हे काम पुरं झालं. (मासेमारांचा हेतू त्यांचा धंदा वाचवण्याचा होता, हे मला कळतं. तरी त्यात असंख्य जीव वाचले, तेही खरं.)

हे वाचून मनात आलं, दिग्व्रत आहे लोभ आवरायला. जुन्या काळी माणूस नफ्यासाठी देशोदेशी जाई, आज आपण फोटोंसाठी जातो. तो लोभ अडला पाहिजे. पण लेकीच्या घरी जाऊन तिचं दुखलंखुपलं बघणं हा लोभ नाही, तिथे भिंत घालून मला काय मिळणार? बांध हवाच, पण कुठे घालायचा ते समजून घालावा.

म्हणून आता माझी हद्द अशी ठरली: पूर्वेला सम्मेद शिखरजीचा पहाड, दक्षिणेला श्रवणबेळगोळची विंध्यगिरी, पश्चिमेला आणि उत्तरेला हा उत्तर समुद्राचा किनारा. विदिशांनाही याच खुणांच्या आत. वरच्या दिशेला विमान जातं तेवढं. खालच्या दिशेला आपण विहीर नाहीतर तळघर धरतो, पण त्या देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, रॉटरडॅमजवळ तर पावणेसात मीटर खाली. तेवढी सूट धरली आहे. तिसऱ्या दिवशी परतताना किंडरडाइकला थांबू. सखल जमिनीतलं पाणी उपसायला 1740 च्या सुमारास बांधलेल्या 19 पवनचक्क्या तिथे ओळीनं उभ्या आहेत.

आता खाण्यापिण्याचं.

महिना विचार करून निवडला. चातुर्मासात प्रवास नको, आणि हिवाळ्यात तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतो. एप्रिलअखेर तो नऊच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये दहाला. म्हणजे रात्री साडेआठला जेवलं तरी रात्रिभोजन होत नाही! पण मी संध्याकाळी सातच्या आत आटोपणार आहे. दिवस लांबला म्हणून पोट लांबवायचं कारण नाही.

सामानात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, युरोपात मनाई आहे. म्हणून तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. तिकडे लोणी मिळतं, तूप कढवता येतं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ताही नको. मी तेलातले खाकरे, भाजके पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि मूगडाळ नेते आहे. पाणी गाळायचं फडकंही घेतलं.

बेल्जियममधले बटाट्याचे तळलेले तुकडे प्रसिद्ध आहेत. बटाटा आपल्याला वर्ज्यच, शिवाय ते पारंपरिक पद्धतीनं बैलाच्या चरबीत तळतात, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवा. चीज घेताना विचारा, कारण जुन्या पद्धतीत दूध विरजायला वासराच्या पोटातला रस वापरतात. शाकाहारी चीज वेगळं मिळतं. पाकिटावर डच भाषेत अंड्याला 'ई' आणि 'आय' एवढी दोनच इंग्रजी अक्षरं असतात. कायद्यानं ती ठळक छापावी लागतात, म्हणून सापडतात.

ट्यूलिपची शेतंही बघू. ती शेती फुलांसाठी नसते. फुलं फुलली की माथे छाटून टाकतात, म्हणजे जमिनीतला कंद पोसतो. विकायचा असतो तो कंद. 1944-45 च्या हिवाळ्यात उपासमारीत तिथल्या लोकांनी हे कंदही खाल्ले. आपण कंदमूळ सोडतो ते भरल्या घरात बसून, याची आठवण त्या शेताजवळ उभं राहून ठेवायची आहे.

रोज सकाळी सामायिक झालं की त्या दिवसापुरतं देशावकाशिक घेणार: आज अमुक गावापलीकडे नाही. लेक म्हणते, बरं झालं, बाबा आता "अजून थोडं पुढे" म्हणणार नाहीत.

एक गोष्ट राहिली. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. ती या हद्दीच्या बाहेर गेली. खूप विचार केला, पण प्रत्येकासाठी हद्द सरकवत बसले तर ते व्रत कसलं? यापुढे भेट व्हायची तर तिनंच यायचं. निघण्याआधी तिला फोन करून हे मीच सांगणार आहे. व्रत घेऊन झाल्यावर कळवणं बरं नाही.