पेडणे ते डिचोली: आधी बुलेट, मग मये तळं

पावसाळ्यात पेडण्याहून डिचोलीच्या मये तळ्याकडे निघालात, की आजोबांची जुनी बुलेट पहिली परीक्षा अंगणातच घेते. दमट हवेने पॉइंट ओलसर होतात, ठिणगी मंदावते. अशा वेळी नुसता जोर लावू नका. उलटी किक पायाला जबर दुखापत करते.

दिवा बंद ठेवा, चोक ओढा, चावी फिरवा. अ‍ॅमीटरकडे पाहत किक हळूहळू दाबा. काटा मध्यावर स्थिरावला की पॉइंट उघडले. डिकॉम्प्रेशनची दांडी दाबून किक किंचित पुढे सरकवा, दांडी सोडा, किक वर येऊ द्या आणि एकदाच पूर्ण मारा. तरीही रुसली, तर प्लग आणि पॉइंट कोरडे पुसा.

अशा गाड्या अनेकदा भंगारात जातात त्या बिघाडाने नव्हे, तर तो काटा वाचणारं घरात कुणी उरत नाही म्हणून. आजोबांकडून एवढं शिकून घ्या. मग मये दूर नाही.