वर्गणी

वर्गणी देण्याची सवय गोमंतकीय माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. देवीची जत्रा जवळ आली, भजनी सप्ताहाचा दिवस ठरला, किंवा गावातील हौशी मंडळींनी एखादे संगीत नाटक बसवावयास घेतले, की पावतीपुस्तक बगलेत धरून दोघेतिघे गृहस्थ अंगणात येतात. त्यांना बसावयास खुर्ची मिळते, पाण्याचा तांब्या पुढे होतो, आणि गतवर्षी या घराने किती दिले होते हे देणाऱ्याला व घेणाऱ्याला सारखेच तोंडपाठ असते. कोणी कुरकुर केलीच तर ती केवळ रिवाज म्हणून. कारण या वर्गणीचे फळ महिन्याभरात डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. नाटकातील नायिकेचा शालू आपल्याच पाच-पन्नास रुपयांतून आला, अशी सुखद समजूतही करून घेता येते.

मला लिहावयाचे आहे ते दुसऱ्या एका वर्गणीविषयी. ती मागणारी माणसे नाटकही देत नाहीत आणि महाप्रसादही देत नाहीत. ती म्हणतात, ‘‘जुने सर्व्हेचे नकाशे काढावयाचे आहेत, निकालाच्या नकला घ्यावयाच्या आहेत, पणजीला चार खेपा घालावयाच्या आहेत.’’ वर्ष संपल्यावर ‘‘काय झाले?’’ असे विचारावे, तर उत्तर येते, ‘‘पुढची तारीख मिळाली.’’ असे एक वर्ष जाते, दोन जातात. तिसऱ्या वर्षी पैशाच्या पाकिटाकडे जाणारा हात किंचित रेंगाळतो.

शाळेत नोकरीस लागल्यापासून मी अशा दोन ठिकाणी दरसाल नेमाने थोडे पैसे देत आले आहे. एक, आमच्या मये गावच्या जमिनीच्या प्रश्नासाठी झटणारी गावकऱ्यांची समिती. दुसरी, म्हापशाची गोवा फाउंडेशन. शिक्षिकेच्या पगारातून जाणारी ही रक्कम सांगण्यासारखी नाही. परंतु विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण मला वर्गात विचारतात, ‘‘टीचर, एवढे सगळे बिघडत चालले आहे, तुम्हांला निराश वाटत नाही?’’ या प्रश्नाचे उत्तर तास संपल्याची घंटा होण्यापूर्वी देता येत नाही, म्हणून वार्षिकाची ही पाने मागून घेतली आहेत.

मये म्हटले की परक्या माणसाला आठवतो तो तलाव. त्या तलावाकाठी सहलीचे डबे उघडणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी कुटुंबे अगदी अलीकडेपर्यंत आपल्या पायाखालच्या मातीला कागदोपत्री आपली म्हणू शकत नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गावाची फार मोठी जमीन एका ‘कोंद’ घराण्याकडे, म्हणजे किताबधारी सरदाराकडे होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मालक पोर्तुगालात, तेव्हा १९६४ च्या कायद्यान्वये ही सारी मिळकत ‘इव्हॅक्वी प्रॉपर्टी’, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता, या नावाखाली सरकारने नेमलेल्या कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गाव सोडून गेले ते एक घराणे. पण नाव मात्र मागे राहिलेल्यांच्या घरांना आणि कुळागरांना चिकटले! भाटकार गेला आणि त्याच्या जागी फाईल आली, एवढाच आमच्या आजोबांच्या पिढीला पडलेला फरक. आजोबांनी लावलेल्या फणसाला पन्नास पावसाळे झाले, त्याचे गरे साऱ्या वाड्याने खाल्ले. परंतु ज्या जमिनीत तो उभा, तिच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मालक म्हणून आमचे नाव नव्हते. घराची भिंत पडली तर ती बांधावयास कोणाची संमती घ्यावी, मुलीच्या लग्नाला कर्ज काढावयाचे तर तारण काय द्यावे, हे तेथले रोजचे प्रश्न.

या फाईलीच्या मागे गावातील माणसे लागली. आरंभी कोण होते, मध्यंतरी कोण आले, कोणी कंटाळून सोडून दिले, कोण भांडून बाहेर पडले, याचा इतिहास कोणीतरी सविस्तर लिहावयास हवा. सभा झाल्या, मोर्चे झाले, निवेदने झाली. निवडणुका आल्या की आश्वासनेही झाली. अखेर २०१४ साली गोवा विधानसभेने स्वामित्वाचे हक्क, किताब आणि जमिनींची दाने रद्द करणारा कायदा संमत केला. १९६१ पासून मोजले तर त्रेपन्न वर्षे! ज्याने तिशीत पहिल्या निवेदनावर सही केली असेल, तो कायद्याच्या दिवशी त्र्याऐंशी वर्षांचा असावयाचा. त्यांतले कितीतरी तो दिवस पाहावयास उरले नव्हते. कायद्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. काहींच्या हाती सनद आली आहे, काहींची प्रकरणे अजून चालू आहेत. म्हणजे पावतीपुस्तक अद्याप मिटलेले नाही.

अशी कामे आपल्याकडे नवी नव्हेत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. खुद्द गोव्यात, १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले तशी हिंदूंना संस्था काढावयास मोकळीक मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी मडगावास गोमंत विद्या निकेतनाची स्थापना झाली. त्या काळी गावोगावच्या मराठी शाळा अशाच लोकांच्या आधारावर चालल्या. त्यांत पैसे घालणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या पणत्या पदवीधर होतील असे वाटले असेल? माझ्या पदवीच्या कागदामागे अशा अनोळखी लोकांचे पैसे आहेत, ही जाणीव मला पुष्कळदा उपयोगी पडते, विशेषतः महिनाअखेरीस.

आता दुसऱ्या संस्थेविषयी. हे लिहिणे थोडे अवघड आहे, कारण यात आमचे घर गुंतलेले आहे; किंबहुना डिचोली तालुक्यातील निम्मी घरे गुंतलेली आहेत.

माझ्या काकांचा खनिजाचा ट्रक होता. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन लोहखनिज परदेशी जात होते, तेव्हाची ही गोष्ट. रस्त्यावर ट्रकांच्या रांगा; आंब्याची पाने तांबडी; दोरीवर वाळत घातलेले धोतर संध्याकाळी गेरूत बुडविल्यासारखे. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली उतरला की भोवतालच्या विहिरींचे पाणी त्याकडे ओढले जाते आणि पंपाने उपसून बाहेर टाकले जाते. पावसाळ्यात ढिगाऱ्यांची माती वाहून शेतांत बसते. शिरगावच्या विहिरींची आणि शेतांची कथा साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. परंतु त्याच ट्रकाच्या पैशांतून काकांच्या दोन्ही मुलांचे शिक्षण झाले, आणि माझी कॉलेजची फीही दोनदा त्यांनीच भरली.

सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, खाणी थांबल्या, आणि त्याच वर्षी गोवा फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल लागला. जुन्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचे उत्खनन बेकायदा ठरले. पुढे पट्ट्यांचे नूतनीकरण झाले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने रद्द झाले, आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद. आमच्या अंगणात काकांचा ट्रक असा दोन वेळा उभा राहिला. दुसऱ्या वेळी त्याच्या चाकांभोवती गवत उगवले.

त्या सुमाराचा एक दिवस आठवतो. मे महिना होता. आमच्या विहिरीत, जी पूर्वी एप्रिलातच तळ दाखवी, बऱ्यापैकी पाणी होते. मी हौसेने काकांना ते सांगितले. ते ट्रकाच्या टपाकडे पाहत शांतपणे म्हणाले, ‘‘बाय, बांयचें उदक वाडलें म्हूण बँकेचो हप्तो फारीक जायना.’’

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. दूरच्या हितासाठी झटणाऱ्यांच्या कामाची किंमत पुष्कळदा जवळच्यांनाच मोजावी लागते. त्यातही ज्याच्याजवळ सर्वांत थोडे आहे त्याला प्रथम. ज्या आशेला हे पाहावयाचे नसेल, ती आशा मला सुखवस्तू माणसाची करमणूक वाटते. तरीही मी वर्गणी थांबविली नाही, याचे एक कारण त्या २०१४ च्या निकालातच आहे. विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीतील दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवावी, पुढच्या पिढ्यांचाही त्यात वाटा आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक खनिज काढू नये अशी मर्यादाही घातली. खनिज ही आपल्याला वाडवडिलांकडून मिळालेली ठेव आहे, ती विकली तर तिचे मोल नातवंडांसाठी राखले पाहिजे, हे फाउंडेशनचे म्हणणे. मला हे समजावयास अर्थशास्त्र लागले नाही. कुळागर विकून त्याच वर्षी सगळे पैसे खर्चून टाकणाऱ्याला आमच्या गावात काय म्हणतात, ते सर्वांना माहीत आहे.

माझी तक्रार आहे ती भाषेची. न्यायालयाचे निकाल इंग्रजीत, तज्ज्ञांचे अहवाल इंग्रजीत, त्यांवरची चर्चाही बहुधा इंग्रजीत. आमचा ट्रकवाला बोलतो कोकणी आणि वाचतो मराठी. त्याच्या भाकरीचा निर्णय ज्या कागदावर होतो, तो त्याच्यापुढे ठेवला तरी त्याला कोरा!

२०२२ च्या अखेरीस खनिजपट्ट्यांचा लिलाव झाला. त्यांतील एका पट्ट्याच्या नावातच शिरगाव आणि मये ही दोन्ही गावे आहेत. नव्या खाणींना पर्यावरणाची परवानगी मिळण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना निदान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. सारांश असतो, पण विहिरी कोणत्या, ओहोळ कोणता, ट्रक कोणत्या वाटेने जाणार, हे सारे आतल्या शेकडो इंग्रजी पानांत. कार्यकर्त्यांनी अशा एका अहवालाची झेरॉक्स प्रत वाड्यावर आणून ठेवली, तेव्हा कलाशाखेच्या पदवीचा मला प्रथमच रोकडा उपयोग झाला. शब्दकोश घेऊन मी तीन आठवडे रोज संध्याकाळी ती पाने मराठीत उतरवीत बसले. ‘ॲक्विफर’ या शब्दाला मी ‘भुईतले झरे’ लिहिले. शास्त्रज्ञ हसतील, पण वाड्यावरच्या एकाही माणसाने त्याचा अर्थ विचारला नाही. तेव्हापासून वर्गणीबरोबर हेही काम माझ्याकडे आहे, आणि खरे सांगावयाचे तर पैसे देताना जे वाटते त्याहून हे करताना अधिक बरे वाटते. पैसे दिल्यावर माणूस बातमीची वाट पाहत बसतो. हातात काम असले की वाट पाहावयास सवड राहत नाही.

एका संध्याकाळी विहिरींच्या यादीचे पान चालू होते. काका ओसरीवर बसले होते. त्यांनी मला पुन्हा एकदा वाचावयास सांगितले. मी वाचले. ते म्हणाले, ‘‘यादीत आमची बांय ना.’’ खरेच नव्हती. शेजारच्या वाड्यावरच्या दोन विहिरीही नव्हत्या. ज्या माणसाने खाणी सुरू व्हाव्यात म्हणून मोर्चात घोषणा दिल्या होत्या, आणि जो आजही खाणी नियमाने चालाव्यात या मताचा आहे, तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सुंभाला दगड बांधून तिन्ही विहिरींची खोली हातांनी मोजीत होता. मग त्यांनी माझ्याकडून एक फुलस्केप कागद मागून घेतला आणि आपल्या वळणदार मराठी अक्षरात, विहिरीत एप्रिलात पाणी किती आणि मे महिन्यात किती, कोणत्या वर्षी ती आटली, किती घरे तिच्यावर पाणी भरतात, असे सारे लिहून काढले. ‘‘खाण चालो,’’ ते मला म्हणाले, ‘‘पूण बांय कागदार आसूंक जाय.’’

तो अर्ज त्यांनी स्वतः कचेरीत नेऊन दिला व पोच मागितली. कारकुनाने उद्या या म्हटले. ते तेथेच बाकावर बसून राहिले आणि दुपारी शिक्का घेऊनच परतले. ती पोच त्यांनी ट्रकाच्या जुन्या कागदांच्या प्लास्टिक पिशवीत, परमिटाच्या खाली, नीट घडी घालून ठेवली आहे.