आधी पाय, मग बूट!

मागच्या हिवाळ्यात माझी एक मैत्रीण गुलमर्गला स्कीइंग करून आली. आयटीतली, बाणेरला राहणारी. परत आल्यावर कॉफीला भेटली, तेव्हा चालताना जरा लंगडत होती.

‘काय गं, पडलीस की काय?’

‘पडले? अगं, पहिले दोन दिवस मी फक्त पडतच होते!’

झालं असं, की भाड्याने स्की देणाऱ्या काकांनी तिला एकच प्रश्न विचारला. तुम्ही स्कीइंग कसं करता? बाईसाहेबांचं भांडवल म्हणजे मनालीला कधीतरी केलेली दोन तासांची घसरगुंडी. पण मागे रांगेत दिल्लीची स्मार्ट पोरं उभी! मग काय, हिने ऐटीत सांगून टाकलं, ‘इंटरमीडिएट.’ काकांनी तिच्या डोक्याएवढ्या उंच, चांगल्या ताठ स्की हातात ठेवल्या. लांब आणि कडक स्की वेगात मस्त स्थिर राहतात, पण त्यांना वळवायला पायात ताकद आणि डोक्यात तंत्र लागतं. नवशिक्याला हव्यात हनुवटीच्या आसपास येणाऱ्या, जरा मऊ, पटकन वाकणाऱ्या. शिवाय बुटाखाली रुंद असलेल्या स्की ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगतात, अरुंद असलेल्या दाबलेल्या कडक उतारावर चटकन वळतात. म्हणजे ‘सगळ्यात भारी स्की’ असं काही नसतंच. तुम्ही कोण, कुठे आणि कसे घसरणार, त्यावर सगळं ठरतं.

तिसऱ्या दिवशी तिने काकांना खरं सांगितलं. आखूड स्की मिळाल्या आणि दुपारपर्यंत ती चक्क वळायला लागली.

मी पोट धरून हसले. आणि मग एकदम गप्प झाले. कारण हाच उद्योग मीही करून बसले होते. फरक इतकाच, की माझ्या चुकीत पडणारी मी नव्हते.

किपचोगे आणि मी

मी मूळची बीड जिल्ह्यातली, आष्टी तालुक्यातली. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याने गोणपाटात गुंडाळलेली लादी. पण पळणं? ते आमच्या मातीतलं! स्टीपलचेसवाला अविनाश साबळे आमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करणारा मुलगा बारावीनंतर लष्करात गेला, सियाचिनच्या बर्फात राहून आला आणि मग ट्रॅकवर उतरला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं फक्त पाच शतांश सेकंदांनी! पुढच्याच वर्षी हांगझोच्या एशियाडमध्ये सुवर्णही आणलं.

आता गाववाला इतका धावतोय म्हटल्यावर आपण पुण्यात नुसतं बसून कसं चालेल? मी एका रनिंग ग्रुपमध्ये नाव घातलं. टार्गेट, हाफ मॅरेथॉन. आणि पहिलं काम काय केलं? सराव? छे! शॉपिंग.

दुकानातल्या मुलाने मला ट्रेडमिलवर पळवलं, पायांचा व्हिडिओ काढला आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, ‘मॅडम, तुमचा पाय आतल्या बाजूला झुकतो.’ त्याने एक साधा, भरभक्कम बूट समोर ठेवला. माझं लक्ष मात्र शेजारच्या शेल्फवर. तिथे होते कार्बन प्लेटवाले बूट! जाड, हलका, उसळणारा फोम आणि त्याच्या पोटात कार्बन फायबरची ताठ पट्टी. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात एलियुड किपचोगे असल्याच जातीचे बूट घालून १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला होता. (पेसर वगैरे खास व्यवस्था असल्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला जात नाही, ती गोष्ट वेगळी.) किपचोगेला एका किलोमीटरला लागली साधारण २ मिनिटं ५० सेकंदं. मला लागतात साडेसात मिनिटं, तेही चढ नसेल तर.

पण घेतले. एका अख्ख्या लेखमालेचं मानधन त्या खोक्यात गेलं. सेल्फी काढला, लाइक्स मिळाले. आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागली. सहा-सात वेळा वापरून बूट पुन्हा खोक्यात गेले.

पहाटे पाचचा रस्ता

मे २०२४. एका लग्नासाठी गावी गेले होते आणि मुक्काम मावशीकडे. पहाटे पाचला दार वाजलं. बघते तर मावसबहीण बाहेर निघालेली, पोलीस भरतीच्या सरावाला. मीही मागोमाग गेले.

आमच्याकडचा तो सीन एकदा बघायलाच हवा. मे महिन्यात ऊन चाळिशी पार करतं, त्यामुळे जे काही करायचं ते सूर्य उगवायच्या आत. अर्धवट अंधारात डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी पळतायत. कुणाच्या पायात कॅनव्हास, कुणी अनवाणी. हेडफोन नाही, स्मार्टवॉच नाही. एकाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच आणि सगळ्यांसाठी एकच आरडाओरडा, ‘चल, चल, चल, सोडू नको!’

आपण ‘फिटनेस’साठी पळतो. ही मुलं नोकरीसाठी पळतात. भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मारलं तर पुरे वीस. त्यापुढे घड्याळ सरकतं तसे गुण गळत जातात. मावशी आणि काका वर्षानुवर्षं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आलेत. पोरीने वर्दी घातली, तर या घरातला कोयता खाली ठेवला जाणार होता. एवढं त्या आठशे मीटरवर होतं.

ती २ मिनिटं ५२ सेकंदांवर आली होती. फक्त दोन सेकंद! पायात होते बाजारातले, तळ झिजून पापड झालेले बूट.

मला भरून आलं. मनात म्हटलं, अरे, खोक्यात पडलेत ते बूट हिलाच देऊ या! पुढच्याच आठवड्यात एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर खोकं पाठवून दिलं. तिचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. ‘ताई, लई भारी हायत गं! पन जरा मोठे होतेत.’

‘दोन मोजे घाल,’ मी म्हणाले. वर किपचोगेची गोष्टही ऐकवली.

पाच दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी मावशीचा. पोरगी मैदानाच्या वळणावर मुरगळून पडली होती. घोटा सुजून टम्म. भरतीला तीन आठवडे राहिलेले.

दुसऱ्याचा कोयता

मी मिळेल त्या गाडीने गेले. ती खाटेवर पाय उशीवर ठेवून बसलेली. टाचांना फोड, घोट्याला पट्टी. मला वाटलं, मावशी आता बोलणार. ती रागावली नाही. चहा देता देता एवढंच म्हणाली, ‘बाई, दुसऱ्याचा कोयता घेऊन फडात गेलं, की पहिल्याच दिवशी हाताला फोड येतेत. मूठ आपल्या हातात बसाय पायजे.’

पंधरा-वीस वर्षं ऊस तोडलेल्या बाईने मला बूट कसे निवडायचे ते एका वाक्यात सांगितलं होतं. माझ्याकडे ट्रेडमिलचा व्हिडिओ होता, तरी मला ते कळलं नव्हतं.

मग मी जरा अभ्यासाला लागले. पत्रकार आहे ना शेवटी! एका फिजिओथेरपिस्टला गाठलं, काही संशोधन वाचलं आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. त्या बुटांचा फोम जाडजूड. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी जागतिक ॲथलेटिक्सचा नियम तळ ४० मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो आणि हे बूट त्या मर्यादेच्या जवळ जाणारे. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर लांब पळायला ते उत्तम. पण आमचं मैदान खडबडीत, त्यात गोल वळणं. इतक्या उंच, मऊ गादीवर वळताना पाय डगमगणारच. बरं, माझी बहीण पळते कशी? पावलाच्या पुढच्या भागावर, छोटी छोटी झपझप पावलं टाकत. लहानपणापासून अनवाणी वावरल्यामुळे तिचा पंजा पुढे चांगला पसरट. माझा बूट पुढून निमुळता आणि मागून सैल. वरून दोन मोजे. थोडक्यात, ती माझ्या पायांनी पळत होती!

आणखी एक गंमत वाचली. आपल्याला वाटतं, तळव्याची कमान मोजली, ‘तुमचा पाय असा असा’ म्हटलं, की बूट ठरला. अमेरिकी सैन्यदलांनी २००९-१० च्या सुमारास नव्या रिक्रूटांवर हे तपासून पाहिलं. काहींना कमानीच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडलाच नाही! २०१५ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी तर मांडलं, की धावणाऱ्याला स्वतःला जो बूट आरामशीर वाटतो, तोच त्याच्यासाठी बरा असण्याची शक्यता जास्त. मावशीचंच म्हणणं, फक्त इंग्रजीतून.

आणि तो इथिओपियाचा अबेबे बिकिला! १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मनासारखे बसणारे बूट मिळाले नाहीत, म्हणून गडी अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला. आपण त्याची गोष्ट ‘बूट लागतच नाहीत’ म्हणून सांगतो. मला आता ती वेगळी ऐकू येते. न बसणारा बूट घालण्यापेक्षा त्याने आपल्या पायांवर भरवसा ठेवला.

नगरच्या दुकानात

सूज उतरल्यावर आम्ही दोघी नगरला गेलो. (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) या वेळी मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. फिजिओने सांगितलेली यादी तेवढी खिशात होती. तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून देते.

– बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो.
– पळताना घालता तेच मोजे घालून बघा.
– उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र घट्ट धरलेली हवी.
– पुढे बोटं पसरता आली पाहिजेत. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विश्वास नको.
– लेबलवरचा नंबर फसवा असतो. यूकेचा नंबर वेगळा, अमेरिकेचा वेगळा आणि कंपनीगणिक मापही बदलतं.
– कुठे पळणार? डांबरावर, मातीवर की ट्रॅकवर? किती पळणार? हे आधी सांगा. साबळेसारखे स्टीपलचेसवाले पाण्याच्या खड्ड्यात सात वेळा उतरतात, म्हणून त्यांना पाणी पटकन निथळणारे हलके स्पाइक्स लागतात. तुम्हाला लागतात का?
– घालून पळून बघा. दुकानातल्या आरशासमोर उभं राहून काही कळत नाही.

शेवटचं कलम तिने फारच मनावर घेतलं. दुकानासमोरच्या बोळात ओढणी कमरेला खोचून दोन चकरा मारल्या. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मालक हसत म्हणाला, ‘भरती का?’ ती मानेनेच हो म्हणाली. पाचवा जोड घातल्यावर ती परत आली आणि म्हणाली, ‘हे घातल्यावर पायात काय हाय ते इसरायला होतंय.’ साधा, हलका, कमी उंचीचा, पुढून रुंद बूट. माझ्या बुटांच्या किमतीत तसले सात-आठ जोड आले असते.

त्या वर्षीची मैदानी चाचणी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झाली. तिने आठशे मीटर मारलं २ मिनिटं ५८ सेकंदांत. लेखीपर्यंत पोचली, पण शेवटच्या यादीत थोडक्या गुणांनी राहिली.

ते आठ सेकंद माझ्या बुटांनी खाल्ले का? मी तिला एकदा विचारलंही. ती म्हणाली, ‘लेखीतबी गेले की गुण ताई, ते काय बुटानं गेले व्हय?’ तिचं मन मोठं आहे. माझा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं, हे खरं. पण खोक्यातल्या त्या महागड्या चुकीचं काहीतरी सार्थक व्हावं, हेही तेवढंच खरं. देताना तिचा पाय मी बघितलाच नव्हता.

सध्या ती पुन्हा तयारीत आहे. मध्यंतरी तिला फोनवर म्हटलं, ‘जुने झाले असतील ना गं ते बूट? नवे पाठवू का?’

पलीकडे जरा शांतता. मग हसत म्हणाली, ‘पैसे पाठीव ताई. बूट मी बगते.’

पाठवले. आणि मीही एक साधा, भरभक्कम जोड घेतलाय, त्या मुलाने पहिल्यांदा समोर ठेवला होता तसाच. या वेळी दुकानात विचारलं, ‘मॅडम, तुमचा पेस काय?’ मागे रांगेत दोन फिट मुलं उभी होती. मी मोठ्याने सांगितलं, ‘साडेसात मिनिटं. चढ नसेल तर!’