चिविताला, पुलाच्या अलीकडून

प्रिय चिविता,

तुझं वय अडीच हजार वर्षांच्या पुढचं, म्हणजे खरं तर अहो-जाहो करायला हवं. पण गावाला आपल्याकडे कोणी अहो-जाहो करत नाही, तेव्हा 'तू'च म्हणतो.

इटलीतल्या तुझ्या शेजारच्या बान्योरेजो गावाच्या टोकाला तिकीटखिडकी लागली. पाच युरो. गावात शिरायला तिकीट? मी कुरकुरलोच. मग तो तीनेकशे मीटरचा पादचारी पूल. शेवटचा चढ असा की गप्पा आपोआप थांबतात. खाली दरीत चिकणमातीचे राखाडी सुळके आणि वर, पिवळसर टफच्या कातळावर, तू. दुखणं एवढंच, की वर दगड आणि खाली माती. पाऊस माती धुऊन नेतो, मग वरचा कडा निसटतो. 1695 च्या भूकंपानंतर बरीच माणसं बान्योरेजोत निघून गेली. संत बोनाव्हेंतुरा तुझ्याकडचे. त्यांचं घरही दरीने कधीच गिळलं.

सांता मारिया वेशीतून आत आलो आणि थबकलो. एका जुन्या वाड्याची नुसती दर्शनी भिंत उभी. खिडक्यांच्या चौकटी शाबूत, आणि खिडकीतून दिसतं ते थेट आभाळ. मागचा वाडा गेला. जवळच्याच पायरीवर जिरेनियमची कुंडी होती. नुकतंच पाणी घातलेलं, ओघळ अजून ओला.

बान्योरेजोचेच लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी तुला 'मरणारं गाव' म्हटलं आणि ते बिरुद तुला कायमचं चिकटलं. मला ते पटत नाही. मी सह्याद्रीकडचा. दरडीने आमचं माळीण 2014 साली नेलं, इर्शाळवाडी 2023 साली. निरोप घ्यायलाही कुणाला सवड मिळाली नाही. तू शतकानुशतकं कड्याकड्याने झिजतेस आणि तरी कुंड्यांना पाणी घालतेस. याला मरणं म्हणत नाहीत.

शिवाय मरणाचा धंदा बरा चाललाय. 2013 साली तिकीट सुरू झालं तेव्हा ते दीड युरो होतं. पुढे त्याच पैशावर बान्योरेजोने रहिवाशांचे स्थानिक कर माफ केले! मात्र तुझ्याकडे बारमाही राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मांजरं जास्त दिसली. दरीपेक्षा मला या रिकामेपणाचीच धास्ती वाटते. आम्ही सगळे फोटो काढून संध्याकाळी पूल उतरतो.

पाच युरोंबद्दलची कुरकुर मागे घेतो. पुढच्या खेपेला मुक्कामाला येईन. तोवर तेवढं ते बिरुद पोस्टकार्डांवरून काढता आलं तर बघ.

तुझा,
एक तिकीटवाला