खडक, पाणी आणि मत

माझा भाचा संख्याशास्त्र शिकवतो. माणसाचे मत डोक्यात नसून पायाखाली असते, असे तो मला गणिताने पटवू पाहतो. पाऊस, जमिनीचा पोत, धरणापासूनचे अंतर, शेजारच्या गावाचा कल, एवढे त्याच्या यंत्राला सांगितले की कोणते गाव कुणीकडे झुकेल ते म्हणे कळते. मी मात्र जन्मभर जाहीरनामे वाचत बसलो!

कल्पना तशी जुनीच. आंद्रे सिगफ्रीड या फ्रेंच पंडिताने १९१३ साली पश्चिम फ्रान्सविषयी असाच ग्रंथ लिहिला. ग्रॅनाइटचा मुलूख उजवीकडे, चुनखडीचा डावीकडे! ऐकून हसू येते. पण खरी गोम दगडात नव्हती, पाण्यात होती. ग्रॅनाइटवर झरे जागोजाग, म्हणून घरे विखुरलेली आणि माणसे जमीनदाराच्या व धर्मगुरूच्या शब्दातली. चुनखडीत पाणी खोल, म्हणून घरे दाटीने; आणि दाटी झाली की वाद आलाच.

आपल्या नगर जिल्ह्याचे तसेच नाही का? उत्तरेला प्रवरेचे कालवे, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला पर्जन्यछायेतले कोरडे तालुके. एकीकडे उसाच्या भावाची चर्चा, दुसरीकडे टँकर कधी येणार याची.

"मग तुझ्या सूत्रात हिवरे बाजार बसवून दाखव," मी म्हटले. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळाने खचलेले गाव. १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. मग टेकड्यांवर चर खणले, झाडे लावली, ऊस-केळी वर्ज्य केली, शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येऊ लागला. पाऊस तोच, विहिरी मात्र भरल्या. येथे भूगोलाने माणसे घडवली, की माणसांनी भूगोल?

भाचा हसला. "मामा, तिथे तीस वर्षे मतदानच नव्हते. मी मोजू काय?"

पण जानेवारी २०२१ मध्ये ते झाले. पोपटरावांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. मला खरे सांगायचे तर कौतुक वाटले ते विरोधात पडलेल्या मतांचे. तोच पाऊस, तेच पाणी, तोच ताळेबंद. तरी कुणी मतदान-खोलीत जाऊन दुसरे बटण दाबले. त्यांचे बरोबर होते असे मी म्हणत नाही. माझे मत तिथे असते, तर मी बहुधा पोपटरावांनाच दिले असते. पण अशा मताचे सूत्र कोणते?

"त्याला आम्ही अवशिष्ट म्हणतो," भाचा म्हणाला, "सूत्रात न बसता उरते ते." आणि त्याने चकलीचे ताट पुढे ओढले.