नाकासमोरचं अंतर

दूर पाहायला डोळ्यांना फारसे कष्ट पडत नाहीत. सिंहगडावरून क्षितिजाकडे बघत उभं राहावं, दोन्ही डोळ्यांच्या नजरा आपापल्या वाटेनं समांतर निघून जातात. मेहनत आहे ती हातातल्या पुस्तकाची. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण 63 मिलिमीटर अंतर असतं. 40 सेंटिमीटरवरच्या एकाच अक्षरावर दोघांनी यायचं, तर प्रत्येक डोळ्याला सुमारे साडेचार अंश नाकाकडे वळावं लागतं. त्याच वेळी आतलं भिंग फुगवायचं, बाहुली बारीक करायची, आणि ओळ संपली की जोडीनं पुढच्या ओळीच्या तोंडाशी यायचं. सगळं बिनबोभाट होतं, म्हणून त्याला कुणी काम म्हणत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्यानं नासिकाग्री दृष्टी ठेवावी असं सांगितलं आहे. टीकाकार त्याचा अर्थ काय लावायचा तो लावोत. शब्दशः करून पाहिलं तर क्षणार्धात डोळे ओढल्यासारखे होतात. काहींचे डोळे मात्र नाकाच्या शेंड्याची गोष्ट सोडा, पुस्तकापाशीच कुरकुरू लागतात. जवळ पाहताना दोघं हवे तितके आत वळत नाहीत, वळले तरी तिथं टिकत नाहीत. नेत्रतज्ज्ञ याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात. हा चारचौघांत दिसणारा तिरळेपणा नव्हे. दोघांनी कपाट उचललं आहे, सपाट रस्त्यावर ते झकास चाललं आहे आणि जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटतो आहे, अशातली गत.

माझी भाची सहावीत होती तेव्हा पुस्तक उघडून बसायची आणि गालावर टेकलेला तळहात हळूहळू वर सरकत डावा डोळा झाकून टाकायचा. दहा मिनिटांत जांभई, संध्याकाळी कपाळ दुखणं, एकच ओळ दोनदा वाचणं. शाळेचा शेरा ठरलेला: हुशार आहे, पण बसत नाही. डोळे तपासून आणले तर दोन्ही 6/6. ताईला हायसं वाटलं आणि पोरगी अधिकृतपणे आळशी ठरली.

या 6/6चा मला तेव्हापासून जरा रागच आहे. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी 1862 मध्ये केलेला तो तक्ता 6 मीटरवरून, एकेक डोळा झाकून वाचायचा असतो. म्हणजे जवळचं कसं दिसतं हे तो विचारत नाही, आणि दोघांचं आपसात पटतं का, हेही नाही.

पुढे दुसरीकडे एका ऑर्थोप्टिस्ट बाईंनी बारीक अक्षर लावलेली काडी तिच्या नाकाच्या दिशेनं आणायला सुरुवात केली. निरोगी डोळे ती नाकापासून 5-6 सेंटिमीटरवर येईतो एकच पाहतात. ही वीतभर अंतरावरच म्हणाली, "दोन झाल्या." मी समोर होतो. उजवा डोळा काडीवर होता आणि डावा अलगद कानाच्या दिशेनं निघाला होता.

"अगं, मग अक्षरं दोन-दोन दिसतात हे सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांनाच तशी दिसतात ना, मामा?"

मोबाइलला आरोपी करणं सोपं आहे, आणि तासन्‌तास जवळ धरलेला फोन या दुबळेपणाला उघडं पाडतो हेही खरं. पण बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी या दुखण्याचं वर्णन एकोणिसाव्या शतकातच केलं होतं. डोक्याला मार लागल्यावर किंवा पार्किन्सनमध्येही ते दिसतं. म्हणून मोठ्या माणसाला एकाएकी दोन-दोन दिसू लागलं, तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठावा.

उपचार म्हणजे सराव. सर्वांना ठाऊक असलेला प्रकार पेन्सिलीचा: टोकावर नजर ठेवून ती नाकापर्यंत आणायची. फुकट, सोपा, आणि एकटा पुरेसा नाही. अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. 12 आठवड्यांनी, दवाखान्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सराव केलेल्यांपैकी 73 टक्के मुलं बरी झाली वा सुधारली. घरी नुसती पेन्सिल करणाऱ्यांपैकी 43 टक्के, आणि लुटुपुटूचे व्यायाम दिलेल्यांपैकीही 35 टक्के.

आमच्याकडे मुक्काम पडला तो मण्यांच्या दोरीचा. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाशी; मध्ये लाल, पिवळा, हिरवा मणी. पिवळ्याकडे पाहिलं की एका दोरीच्या दोन होतात आणि बरोबर पिवळ्या मण्यात फुली मारतात. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर नजरा कमी वळल्या. दोरी एकच दिसली तर त्याहून वाईट: मेंदूनं एका डोळ्याचं म्हणणं ऐकणंच बंद केलं आहे. भाची रोज कंटाळायची. "फुली कुठंय?" असं ताई स्वयंपाकघरातून ओरडायची आणि "मण्याच्या मागं!" असं रडवेलं उत्तर यायचं. काही आठवड्यांनी ते "मण्यात" असं यायला लागलं.

कपाळ दुखणं थांबलं, तळहात गालावरच राहू लागला. आता ही वाचनात पहिली येईल अशी ताईची समजूत झाली, तेव्हा तिला आवरावं लागलं. त्याच अमेरिकन मंडळींच्या 2019च्या अभ्यासात, खऱ्या उपचारानं वाचनाचं आकलन लुटुपुटूच्या उपचारापेक्षा जास्त वाढलं नाही. डोळे अक्षरापाशी नेऊन सोडतात. पुढचं मास्तरांचं, पुस्तकाचं आणि पोरीचं. तिचं मत विचारलं तर म्हणाली, "ओळी हलत नाहीत आता. पण इतिहास बोअरच आहे."